काळ्या मातीचे अध्ययन आणि डॉ. पंजाबराव देशमुख

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जी काळी जमीन पसरलेली दिसते, ती वऱ्हाडची खरी दौलत आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. तो थिजून झालेला काळा पाषाण ऊन, पाऊस व वारा यांनी झिजत गेला आणि त्यातून ही माती घडली. या मातीत चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण मोठे असते. पाणी लागले की ती फुगते, वाळली की आकसते. म्हणून वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तिच्यात पाय रुतून बसतो. ओल धरून ठेवण्याच्या तिच्या सामर्थ्यामुळेच ओलिताशिवाय कापूस व ज्वारी पिकवणारा प्रदेश म्हणून वऱ्हाडचे नाव झाले.

या मातीत पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या माणसाला तिचे गुणदोष ठाऊक होते. काळी, बरड, मुरमाड, खारवट असे शब्द त्याच्याजवळ होते. वाफसा आला की नाही, हे तो ढेकूळ हातात दाबून सांगत असे. परंतु त्याचे हे ज्ञान शाळेच्या दारापर्यंत कधी पोहोचले नाही, आणि शाळेतील ज्ञान त्याच्या धुऱ्यापर्यंत आले नाही. शेतकऱ्याच्या व मजुराच्या मुलाने महाविद्यालयात जाऊन आपल्याच मातीचे शास्त्र शिकावे, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडात कोणाच्या मनात सहज येण्यासारखी नव्हती. ती ज्यांच्या मनात आली आणि ज्यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले, ते शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या जीवनकार्याचा परिचय असावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पापळ ते ऑक्सफर्ड

भाऊसाहेबांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे नाव राधाबाई. घर शेतकऱ्याचे. गावातील शिक्षण संपल्यावर त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि पुढे अमरावती असा प्रवास करावा लागला. त्या काळी खेड्यातील मुलाला शिकायचे तर गाव सोडण्यावाचून उपाय नव्हता, आणि गाव सोडायचे तर राहायचे कोठे व जेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न असे. हुशारी असूनही असंख्य मुलांचे शिक्षण या एका प्रश्नापाशी थांबले. भाऊसाहेबांचे थांबले नाही, याचे श्रेय त्यांच्या वडिलांच्या जिद्दीला आहे.

मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथून 1920 साली त्यांनी विलायतेचा रस्ता धरला. वडिलांनी या शिक्षणासाठी कर्ज काढले. शेतकऱ्याच्या घरात शिक्षणाची किंमत कशी मोजली जाते, हे त्यांनी अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवले. एडिंबरो येथे त्यांनी संस्कृतचे उच्च शिक्षण घेतले, बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हा प्रबंध पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या शास्त्रांच्या आधाराने बहुजन समाजाला ज्ञानापासून दूर ठेवण्यात आले होते, त्यांचाच मुळापासून अभ्यास खेड्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाने केला होता.

1926 साली ते परतले. एवढी विद्या घेऊन आलेल्या बॅरिस्टराला मुंबई किंवा नागपूर येथे वैभवाचे आयुष्य सहज लाभले असते. त्यांनी अमरावतीला वकिली सुरू केली आणि लगेच सार्वजनिक कार्यात उडी घेतली.

मंदिर, विहीर आणि वसतिगृह

1927 हे वर्ष महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला. वऱ्हाडात त्याच सुमारास अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न पेटला होता. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषद चालू असतानाच त्यांचे वडीलबंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. तरीही बाबासाहेबांनी परिषदेचे काम अर्धवट टाकले नाही. मंदिराच्या विश्वस्तांना विचारासाठी मुदत देण्यात आली आणि सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. सवर्ण समाजातील जे थोडे लोक या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले, त्यांत तरुण पंजाबराव होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला आणि सार्वजनिक व्यासपीठावर मांडलेला विचार आपल्या घरात आणला.

1928 साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हाती आलेल्या अधिकाराचा उपयोग त्यांनी दोन गोष्टींसाठी केला. सार्वजनिक विहिरी अस्पृश्य समाजाला खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराला गती दिली. पाणी आणि पाटी या दोन्हींवरचा बहिष्कार एकाच मुळातून आलेला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु नुसती शाळा काढून भागत नाही, हे पापळहून निघालेल्या मुलाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? शाळा शहरात, मूल खेड्यात. मधल्या अंतरावर निवाऱ्याची सोय हवी. याच विचाराने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे राहिले. येथे निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत व एका पंक्तीला जेवत. आज ही गोष्ट आपणांस साधी वाटेल. तथापि ज्या काळी विहिरीवर घागर लावण्यासाठी परिषदा भरवाव्या लागत होत्या, त्या काळी एका पंक्तीला जेवणे हे मोठेच सामाजिक धाडस होते. अशा वसतिगृहात मुलाला शिक्षणाबरोबर समतेचा रोजचा सराव मिळतो. पाठ्यपुस्तक विसरले जाते. शेजारी बसून खाल्लेली भाकर विसरली जात नाही.

कर्जबाजारी शेतकरी आणि शिक्षणाची संस्था

1930 साली भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि मंत्री झाले. शिक्षण व कृषी ही खाती त्यांच्याकडे होती. जागतिक मंदीमुळे त्या वर्षांत कापसाचे भाव कोसळले होते. कापूस हेच ज्याचे नगदी पीक, त्या वऱ्हाडच्या कुणब्याची जमीन सावकाराच्या वहीत जाऊ लागली होती. या परिस्थितीत 1933 साली प्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. कर्जदार व सावकार यांच्यात तडजोड घडवून कर्जाचा बोजा हलका करण्याची सोय त्यात होती. देवस्थानांची संपत्ती लोकोपयोगी कार्याकडे वळावी, यासाठीही त्यांनी विधेयक आणले. त्याला कडवा विरोध झाला.

सत्तेच्या आयुष्यापेक्षा संस्थेचे आयुष्य मोठे असते, हे जाणून त्यांनी 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत या संस्थेने माध्यमिक शाळा काढल्या. 1946 साली अमरावतीत महाविद्यालय सुरू झाले, पुढे अकोल्यातही झाले. कला, वाणिज्य व विज्ञान यांच्याबरोबरच संस्थेने अमरावतीत कृषी महाविद्यालय काढले, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तोवर या भागातील विद्यार्थ्याला कृषिशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी प्रामुख्याने 1906 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे पाहावे लागे. शेतकऱ्याच्या मुलाने शिकून कारकून व्हावे आणि शेती अडाण्यांसाठी सोडावी, असा त्या काळचा रिवाज होता. भाऊसाहेबांना हा रिवाज मान्य नव्हता. शेती हा शास्त्राचा विषय आहे आणि ते शास्त्र शेतकऱ्याच्या घरात गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

दिल्लीतील दहा वर्षे

संविधान सभेचे सदस्य म्हणून भाऊसाहेबांनी शेतकऱ्यांचे व मागासलेल्या वर्गांचे प्रश्न मांडले. 1952, 1957 व 1962 या तिन्ही निवडणुकांत ते अमरावती भागातून लोकसभेवर गेले आणि 1952 ते 1962 या काळात केंद्र सरकारात त्यांनी कृषी खात्याची जबाबदारी सांभाळली. स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून वऱ्हाडी माणूस त्यांचे नाव आजही अभिमानाने घेतो.

ती दहा वर्षे अन्नटंचाईची होती. फाळणीने पंजाब व सिंधमधील ओलिताची सुपीक जमीन देशाबाहेर गेली होती आणि लोकसंख्या वाढत होती. अशा वेळी भूमीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास देशाने सुरुवात केली. जमिनीची धूप थांबविण्यासाठी 1953 साली केंद्रीय मृदसंधारण मंडळ स्थापन झाले. 1955-56 मध्ये अमेरिकेच्या सहकार्याने माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. भाताच्या लागवडीची जपानी पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची मोहीम याच काळात देशभर चालली आणि भाऊसाहेबांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला.

माती परीक्षण ही दिसायला किती साधी गोष्ट! शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, प्रत्येकातील थोडी माती गोळा करायची, ती मिसळून चौथाई करीत करीत अर्धा किलोपर्यंत आणायची आणि सावलीत वाळवून प्रयोगशाळेत पाठवायची. झाडाखालची, बांधालगतची व शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. मग तिचा सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद व पालाश तपासले जातात आणि कोणत्या पिकास कोणते खत किती द्यावे, हे सांगता येते. यातील एकही पायरी अशी नाही की जी शेतमजुराच्या मुलाला जमणार नाही. असे असूनही हे ज्ञान खेड्यात नेण्यास शिकलेला माणूसच नव्हता. प्रयोगशाळा उभारणे सोपे. प्रयोगशाळा आणि बांध यांच्यामधला माणूस घडवणे कठीण. भाऊसाहेबांनी एका बाजूने कृषी खाते चालवले आणि दुसऱ्या बाजूने शाळा, वसतिगृहे व महाविद्यालये वाढवली, त्यामागची संगती येथे ध्यानात येते.

1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. पक्ष, प्रांत व भाषा यांच्या पलीकडे जाऊन शेतकऱ्यांचे संघटन असावे, हा त्याचा उद्देश होता. डिसेंबर 1959 मध्ये या संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्या वेळी उपस्थित होते. जगातील अनेक राष्ट्रांची दालने पाहण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी आले. जगाचे कृषिज्ञान आपल्या शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही त्यामागची दृष्टी होती.

ज्यांच्याजवळ जमीन नव्हती त्यांचे काय?

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना नुसती स्तुती करणे म्हणजे त्याच्या कार्याला पूर्णविराम देणे होय. म्हणून एक प्रश्न येथे विचारला पाहिजे. माती परीक्षणाचा कागद ज्याच्या हाती पडतो, त्याच्याजवळ आधी माती असावी लागते. वऱ्हाडात वखर, डवरा व तिफण यांच्यामागे चालणारे, निंदण व वेचणी करणारे बहुसंख्य हात भूमिहीनांचे होते. कृषक समाज झाला, खते आली, वाणे आली. पण सालदाराच्या नावावर सातबारा आला नाही.

बाबासाहेबांनी 1918 सालीच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहून दाखवून दिले होते की, शेती किफायतशीर होणे हे केवळ जमिनीच्या आकारावर अवलंबून नसते. तिच्यावर लागणारे भांडवल व श्रम यांचे प्रमाण पाहावे लागते, आणि शेतीवर अडकून पडलेले जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळवावे लागते. पुढे 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी गावकीची अपमानास्पद कामे नाकारली, त्यांच्यापुढे उपजीविकेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि 6 डिसेंबर 1964 पासून तो देशव्यापी झाला. हजारो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. जमीन कोणाची, हा प्रश्न दादासाहेबांनी विचारला. जमिनीचे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न भाऊसाहेबांनी विचारला. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याशिवाय पुरे होत नाही. भाऊसाहेबांच्या कृषिकार्याची ही मर्यादा आहे, आणि तिची पूर्ती करण्याचा मार्ग त्यांच्याच श्रद्धानंद छात्रालयाने दाखविला आहे. ज्याला वारशाने जमीन मिळाली नाही, त्याला तिचे ज्ञान तरी अधिकाराने मिळवता येते.

अकोल्याचे विद्यापीठ

1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली करणारी कृषी विद्यापीठे असावीत, हा विचार भाऊसाहेबांच्या मंत्रिपदाच्या काळात देशात रुजला आणि 1960 साली पंतनगरला असे पहिले विद्यापीठ सुरू झाले. विदर्भाला असे विद्यापीठ मिळावे, ही मागणी वऱ्हाडात जोर धरू लागली. ते पाहण्यास मात्र भाऊसाहेब राहिले नाहीत. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात 1967 साली कृषी विद्यापीठासाठी विदर्भात मोठे जनआंदोलन झाले आणि त्यात काहींना प्राणांचे मोल द्यावे लागले. विद्यापीठासाठी लोकांनी रस्त्यावर उतरावे, हीच भाऊसाहेबांच्या शिकवणुकीची खरी फलश्रुती म्हणावी लागेल. अखेर 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. विदर्भाचे अकराही जिल्हे आज त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत.

या विद्यापीठातील मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्राच्या अभ्यासाला एक प्रश्न दारातच मिळाला. तो म्हणजे खारपाणपट्टा. सातपुड्यातून निघून तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे 4.7 लाख हेक्टर क्षेत्र असे आहे की, जेथे जमीन काळीभोर व खोल दिसते, परंतु तिच्या खालच्या थरांत सोडियमचे प्रमाण अधिक असते. सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. विहिरीचे पाणी खारट. ते पिकाला दिले तर जमीन आणखी चोपण होते. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील खेड्यांनी पिण्याच्या गोड्या पाण्यासाठीही पिढ्यान्पिढ्या कष्ट उपसले आहेत. जमीन भारी, नदी जवळ, विहिरीला पाणी, आणि तरीही ओलीत नाही, असा हा विचित्र शाप आहे.

शास्त्राने या शापाचे कारण शोधले, म्हणून त्यावर उपायही सुचले. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते व जमिनीची घडण सुधारते. ताग-धैंच्यासारखी हिरवळीची पिके गाडल्याने सेंद्रिय कर्ब वाढतो. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून त्याचे संरक्षित ओलीत देता येते. सरी-वरंबा व चर यांनी जादा पाण्याचा निचरा होतो. हे उपाय खर्चाचे व चिकाटीचे आहेत. एका हंगामात जमीन सुधारत नाही आणि एका गावाने केल्याने खोरे सुधारत नाही. म्हणून हे ज्ञान घेऊन गावोगाव जाणाऱ्या तरुणांची गरज आजही संपलेली नाही.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, भाऊसाहेबांच्या नावाने आज महाराष्ट्र शासनाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना उच्च शिक्षण घेताना निवास व भोजनासाठी तिचे साहाय्य मिळते. पापळच्या मुलाला पडलेला राहायचे कोठे हा प्रश्न अजून अनेकांना पडतो, याची ती साक्ष आहे. दहावी-बारावीनंतर कोणत्या शाखेकडे जावे, असा विचार करताना कृषी पदवीचा, मृदविज्ञानाचा व पर्यावरणशास्त्राचा मार्ग आपल्याला जमीन नाही म्हणून वगळू नका. माती परीक्षक, मृदसर्वेक्षक, पाणलोटाचा अभ्यासक किंवा कृषी अधिकारी होण्यासाठी सातबारा लागत नाही. गणित, रसायनशास्त्र आणि पायपीट करण्याची तयारी लागते.

आपल्या आईवडिलांनी ज्या मातीत मजुरी केली, त्या मातीचा नमुना हाती घेऊन तिचे निदान तुम्ही करावे, आणि तुमचा शब्द जमिनीच्या मालकाने मान देऊन ऐकावा, हे दृश्य शंभर वर्षांपूर्वी विहिरीचा रहाट खुला करणाऱ्या भाऊसाहेबांना निश्चितच समाधान देणारे ठरले असते. त्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.